मालक गोव्याचा, मिळकत मुंबईची: एका मृत्युपत्राचा प्रकरण अभ्यास

गोव्याचा अधिवास, म्हणजे कायद्याने मानलेले कायमचे घर, असलेल्या एका ख्रिस्ती गृहस्थांनी १९५१ मध्ये मुंबईत मिळकत विकत घेतली. १९५७ मध्ये मृत्युपत्र करून ती त्यांनी तीन मुलींपैकी धाकटीला दिली. १९६७ च्या ऑगस्टमध्ये ते वारले आणि तीन महिन्यांच्या आत पत्नीही गेल्या. धाकट्या मुलीने मुंबई उच्च न्यायालयातून मृत्युपत्राचे प्रोबेट, म्हणजे ते खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला, मिळवले. मुंबईकराच्या नजरेने पाहिले तर प्रकरण इथेच संपले. मिळकत स्वकष्टार्जित, मृत्युपत्र लेखी, प्रोबेट हातात. मग उरले काय?

उरला होता गोव्याचा कायदा. वडिलांच्या संपत्तीची वाटणी गोव्याच्या न्यायालयात सुरू झाली, तेव्हा दुसऱ्या शाखेच्या वारसांनी विचारले की मुंबईची मिळकत या हिशोबात धरायची की नाही. उच्च न्यायालयाने ती बाहेर ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१९ रोजी, न्यायमूर्ती दीपक गुप्ता आणि अनिरुद्ध बोस यांच्या पीठाने, ती आत घेतली. वडिलांच्या मृत्यूला तेव्हा बावन्न वर्षे झाली होती.

या निकालाची बातमी झाली ती समान नागरी कायद्याबद्दलच्या त्यातल्या परिच्छेदांमुळे. ज्यांची मुळे गोव्यात आणि फ्लॅट मुंबई-पुण्यात, अशा घरांसाठी महत्त्वाचा भाग मात्र दुसराच आहे. बापाने लिहून ठेवलेला शब्द किती चालतो आणि मुलींच्या वाट्याला काय येते, ते त्या भागावर ठरते.

आधी हा कायदा आला कुठून ते पाहू. पोर्तुगालची नागरी संहिता १८६७ ची. ती १ जुलै १८७० पासून गोव्यासह सगळ्या सागरपार प्रांतांना लागू झाली. हिंदूंसाठी काही रूढी वेगळ्या राखल्या गेल्या आणि त्या १६ डिसेंबर १८८० च्या हुकमाने लेखी झाल्या. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विवाह व घटस्फोटाचे नवे कायदे झाले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर संसदेने १९६२ मध्ये गोवा, दमण आणि दीव प्रशासन कायदा केला. त्याच्या पाचव्या कलमाने ठरवले की अधिकृतपणे बदलले वा रद्द केले जाईपर्यंत तिथले जुने कायदे चालू राहतील. हिंदू उत्तराधिकार कायदा आणि हिंदू विवाह कायदा गोव्यात आणले गेले नाहीत. शरियत कायदाही नाही. म्हणून लग्न, मालमत्ता आणि वारसा या तीन बाबतींत गोव्याचा हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान साधारण एकाच संहितेखाली राहिला.

१९६७ हे साल इथे मुद्दाम लक्षात ठेवावे. १६ जानेवारीला गोव्यात जनमत कौल झाला आणि विलीनीकरण नको म्हणणाऱ्या ‘दोन पाने’ने ते हवे म्हणणाऱ्या ‘फुला’वर ३४,०२१ मतांनी मात केली. गोवा महाराष्ट्रात विलीन झाला नाही. १ जूनला खुद्द पोर्तुगालमध्ये नवी नागरी संहिता अमलात आली आणि १८६७ ची तिथे निवृत्त झाली. त्यानंतर दोनच महिन्यांनी हे गृहस्थ वारले. ज्या देशाने हा कायदा केला, त्याने तो टाकून दिला होता. गोव्यात मात्र भारताच्या संसदेच्या शब्दावर तो जिवंत होता, आणि वारसा मृत्यूच्या दिवशी उघडत असल्याने याच कायद्याने हिशोब होणार होता.

आता संहितेचे दोन खांब. पहिला नवराबायकोचा. लग्नाआधी नोटरीसमोर करार करून दुसरी पद्धत निवडली नसेल, तर लग्नाच्या क्षणापासून दोघांची सगळी मालमत्ता एक होते. आधीची, नंतरची, कमावलेली, वारशाने आलेली, सगळी. दोघांचा त्यात अर्धा-अर्धा हक्क असतो. याखेरीज आणखी तीन पद्धती आहेत: संपूर्ण विभक्त मालमत्ता, फक्त लग्नानंतर मिळवलेल्या मालमत्तेची भागी, आणि हुंड्याच्या मालमत्तेची जुनी पद्धत. करार लग्नाआधीच व्हावा लागतो. लग्नानंतर पद्धत बदलता येत नाही. दस्तऐवजावर नाव एकट्या नवऱ्याचे असले तरी बायकोचा अर्धा हिस्सा शाबूत राहतो. म्हणूनच गोव्यातल्या खरेदीखतात विकणाऱ्याबरोबर त्याच्या पत्नीचीही सही लागते. संमतीशिवाय स्थावर विकता येत नाही.

दुसरा खांब मुलांचा. मरणाऱ्याला आपल्या हिश्श्यापैकी फक्त अर्ध्या भागाची व्यवस्था मृत्युपत्राने करता येते. उरलेला अर्धा मुलांचा राखीव, मुलगा-मुलगी सारखेच. हा राखीव हिस्सा रागाने, प्रेमाने किंवा मृत्युपत्राने काढून घेता येत नाही. संहितेत सांगितलेल्या मोजक्या गंभीर कारणांसाठी वारसाला वगळता येते, पण ते कारण मृत्युपत्रात लिहावे लागते आणि वादात सिद्ध करावे लागते.

मुंबईत ख्रिस्ती माणसाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. त्यात राखीव हिस्सा नाही आणि लग्नाने मालमत्ता एक होत नाही. म्हणजे एकाच मिळकतीवर दोन कायदे दोन टोकांचे उत्तर देत होते.

धाकट्या मुलीची बाजू पोकळ नव्हती. स्थावर जिथे असेल तिथला कायदा लागतो हे जगभर मानलेले तत्त्व आहे, आणि उत्तराधिकार कायद्याचे पाचवे कलमही सांगते की मृताचा अधिवास कुठेही असो, भारतातल्या त्याच्या स्थावराचा वारसा भारताच्या कायद्याने ठरतो. शिवाय प्रोबेट मिळालेले होते.

सर्वोच्च न्यायालयाने या युक्तिवादाच्या पायालाच हात घातला. पोर्तुगीज संहिता आज गोव्यात चालते ती पोर्तुगालच्या सत्तेने नाही, १९६२ च्या भारतीय कायद्याने. म्हणजे ती परकी नाही, भारतीयच आहे. मग दोन देशांच्या कायद्यांतला संघर्ष सोडवण्याचे नियम इथे आणायचे कारणच उरत नाही. राहिला प्रश्न दोन भारतीय कायद्यांतला, आणि गोव्याचा अधिवास असलेल्यांसाठी केलेली विशेष तरतूद सर्वसाधारण कायद्याच्या वर जाते. त्यामुळे गोमंतकीयाची मालमत्ता भारतात कुठेही असो, तिचा वारसा याच संहितेने ठरेल. प्रोबेटने मृत्युपत्र खरे ठरते. त्यात दिलेली वस्तू देण्याचा अधिकार मरणाऱ्याला होता की नाही, ते प्रोबेट ठरवत नाही.

निकालाच्या बाजूने माझ्या मते सगळ्यात भक्कम कारण व्यवहाराचे आहे. राखीव हिस्सा एकूण संपत्तीवर मोजायचा असतो. मिळकत गोव्याच्या हद्दीबाहेर गेली की हिशोबातून सुटते असे धरले, तर ज्याला मुलींना डावलायचे आहे त्याने बांद्याच्या पलीकडे जमीन घ्यायची, एवढेच काम उरते.

रकमा घालून पाहिल्याशिवाय हा फरक अंगावर येत नाही. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत; खटल्यातले नाहीत. गोव्यातले घर ४८ लाखांचे, मुंबईची मिळकत ७२ लाखांची, कर्ज नाही, एकूण १ कोटी २० लाख. आईने मृत्युपत्र केलेले नाही.

मुंबईची मिळकत बाहेर ठेवली तर धाकटीला मृत्युपत्राने ७२ लाख मिळतात. गोव्याच्या घरात तिघींना १६-१६ लाख. धाकटीचे एकूण ८८ लाख, थोरल्या दोघींचे प्रत्येकी १६ लाख. मुंबईच्या मिळकतीत आईचा काहीच हक्क उरत नाही, हेही पाहून ठेवा.

आता सगळे एकत्र धरा. १ कोटी २० लाखांतले ६० लाख लग्नामुळे आईचे. उरलेले ६० लाख वडिलांचे. त्यातले ३० लाख राखीव, म्हणजे प्रत्येकी १० लाख. दुसरे ३० लाख वडील कुणालाही देऊ शकतात. ते सगळे धाकटीला गेले असे धरू. आईचे ६० लाख तिघींत सारखे, प्रत्येकी २० लाख. धाकटी: ३० अधिक १० अधिक २०, म्हणजे ६० लाख. थोरल्या दोघी प्रत्येकी ३० लाख. त्यांचा वाटा १६ वरून ३० वर जातो, जवळजवळ दुप्पट.

धाकटीला मुंबईची अख्खी मिळकत हवी असेल तर ७२ लाखांची वस्तू तिच्या ६० लाखांच्या हक्कापेक्षा १२ लाखांनी जास्त होते. ते १२ लाख तिने बहिणींना रोख द्यायचे, प्रत्येकी ६. त्यांना गोव्याच्या घरातले २४-२४ लाख आणि वर हे ६, असे ३० होतात. हिशोब पैशापर्यंत जुळतो.

पण इथेही एक खड्डा आहे आणि बहुतेक घरगुती मृत्युपत्रे त्यातच पडतात. संहितेचे १७६६ वे कलम म्हणते की मालमत्ता एक झालेल्या नवराबायकोपैकी कुणालाही दोघांच्या संपत्तीतली ठरावीक वस्तू मृत्युपत्राने परस्पर देता येत नाही. वस्तू वाटणीत त्याच्या वाट्याला आली, ती मुळात सामाईकच झाली नव्हती, जोडीदाराला दिली, किंवा जोडीदाराने अधिकृत लेखाने संमती दिली, तरच ती देणगी टिकते. कारण उघड आहे: ‘मुंबईची खोली’ ही त्याची एकट्याची नाही, त्यात अर्धी ती आहे. अपवादांपैकी काहीच लागू नसेल आणि देणगी कोसळली, तर आमच्या उदाहरणात तिघींना सरसकट ४० लाख. म्हणजे एकाच कुटुंबात, एकाच मृत्युपत्रावर, धाकटीचा वाटा ८८, ६० किंवा ४० लाख होऊ शकतो. फरक पडतो तो कोणता कायदा लागतो आणि मृत्युपत्राचे वाक्य कसे लिहिले आहे यावर.

म्हणून गोमंतकीय जोडप्याच्या मृत्युपत्रात ‘अमुक फ्लॅट अमुक मुलाला’ एवढेच लिहिणे धोक्याचे. ‘माझ्या हिश्श्यापैकी मला मोकळेपणाने देता येणारा अर्धा भाग अमुकला, आणि तो शक्यतो अमुक मिळकतीतून भरावा’ असे लिहिले तर मूळ देणगी वाचते. जोडीदाराची संमती हवी असेल तर ती नोटरीसमोर, वेगळ्या लेखाने. नवराबायकोने एकाच कागदावर एकत्र मृत्युपत्र करू नये. संहिता ते मानत नाही. आणि मुंबईत साध्या कागदावर मृत्युपत्र लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन काम भागते, तसे गोव्यात गृहीत धरू नये. तिथे विशेष नोटरीसमोर, म्हणजे त्या अधिकाराच्या सब-रजिस्ट्रारसमोर, मृत्युपत्र करण्याची रीत आहे.

वाटणी कशी होते, तेही याच प्रकरणाच्या अनुषंगाने पाहू. गोव्यात याला ‘इन्व्हेंटरी घालणे’ म्हणतात. पूर्वी ती १९३९ च्या पोर्तुगीज दिवाणी प्रक्रिया संहितेने चाले. २२ डिसेंबर २०१६ पासून गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा, २०१२ लागू आहे. सगळे वारस सज्ञान आणि एकमताचे असतील तर नोटरीकडे वारसांचा लेख आणि मग वाटणीपत्र करून काम होते. एखादा वारस अज्ञान असेल, बेपत्ता असेल किंवा भांडण असेल तर न्यायालय गाठावे लागते.

न्यायालय आधी कुटुंबप्रमुख नेमते. जुने वकील अजून ‘काबेसा द कझाल’ म्हणतात. पहिला मान हयात जोडीदाराचा. त्याने शपथेवर सांगायचे असते: मृत्यू कधी आणि कुठे, लग्न कोणत्या पद्धतीचे, वारस कोण, त्यांची लग्ने कोणत्या पद्धतीची, मृत्युपत्र आहे का, हयातीत कुणाला काय बक्षीस दिले. मग मालमत्तेची क्रमांकवार यादी, कर्जासकट. वारसांच्या नवऱ्यांना आणि बायकांनाही नोटीस जाते, कारण मुलीला आलेला वारसा तिच्या लग्नामुळे जावयाच्याही अर्ध्यात जातो. हाच टप्पा सर्वांत जास्त रखडतो. एक जावई मस्कतला, एक सून लंडनला, तिसऱ्याचा पत्ता जुना, आणि तारखा पडत राहतात.

यादीनंतर मूल्यांकन. मग वारसांपुरती बोली लागते. बाहेरचा माणूस त्यात येऊ शकत नाही. ज्याची बोली जास्त त्याला ती वस्तू मिळते, पण त्याच्या हिश्श्यावरची रक्कम त्याने इतरांना द्यायची असते. आमच्या उदाहरणातले १२ लाख ते हेच. शेवटी वाटणीचा तक्ता तयार होतो, न्यायाधीश त्यावर हुकूम देतात आणि तो हुकूम घेऊन एक-चौदाच्या (गोव्यातल्या जमीन नोंदीच्या) उताऱ्यावर नावे चढवायची. बोलीत पैसेवाला वारस जिंकतो ही या पद्धतीची खरी उणीव आहे. गावात राहून घर सांभाळणारी बहीण आणि परदेशातला भाऊ यांच्यात बोली लागली की घर कुणाकडे जाणार हे आधीच ठरलेले असते. रक्कम तिला पुरेपूर मिळते, घर जाते.

हयातीत मुलाला दिलेले बक्षीसही या हिशोबात परत येते. राखीव हिस्सा मोजताना मृत्यूच्या वेळची संपत्ती घ्यायची, कर्ज वजा करायचे आणि बक्षिसे मिळवायची. बक्षिसाऐवजी विक्री दाखवून सुटण्याची वाटही बंद आहे: आईबापांनी एका मुलाला विक्री करायची तर १५६५ व्या कलमाप्रमाणे बाकीच्या मुलांची संमती लागते. हे माहीत नसल्याने ‘थोरल्याच्या नावावर खरेदीखत करून टाकू’ म्हणून केलेले व्यवहार पंचवीस वर्षांनी न्यायालयात उघडे पडतात.

एवढी तटबंदी असूनही मुलींच्या हातात हिस्सा पोहोचतोच असे नाही. वडिलांच्या मृत्यूनंतर ‘तू दिल्या घरी सुखी आहेस, माहेर तुटू देऊ नकोस’ असे म्हणत नोटरीकडे नेऊन हक्क सोडल्याचा लेख करून घेतला जातो. कायद्याने तो चालतो, कारण वारसा उघडल्यावर सोडण्याचा अधिकार वारसाला आहे. बाप हयात असताना घेतलेले हक्कसोडपत्र मात्र चालत नाही. न आलेला वारसा सोडता येत नाही. सहीला नेणाऱ्याने आधी त्या बहिणीपुढे हिश्श्याची रक्कम मांडावी. सोळा लाख सोडतेय की तीस, हे तिला कळायला हवे. बहुतेक वेळा ते तिला कुणी सांगितलेलेच नसते.

या संहितेचे कौतुक करणारे तिच्या उणिवा सहसा झाकतात. सामाईक मालमत्तेचा कारभार तिने नवऱ्याच्या हाती ठेवला. बायको अर्ध्याची मालकीण, पण चालक तो. १८८० च्या हुकमात हिंदू पुरुषाला ठरावीक अटींवर पहिली पत्नी हयात असताना दुसरे लग्न करण्याची मुभा होती: पहिलीला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल नाही, किंवा तिसाव्या वर्षापर्यंत मुलगा नाही, अशा अटी. वारसांच्या क्रमात हयात जोडीदार मुले, आईबाप आणि भावंडांच्याही मागे येतो. मूल नसलेल्या आणि विभक्त मालमत्तेचा करार केलेल्या विधवेला हे फार महाग पडते: सामाईक अर्धा करारानेच गेलेला असतो, आणि वारसा दिराकडे वळतो. स्वतंत्र राहण्यासाठी म्हणून केलेला करार तिच्याच अंगावर येतो. असा करार करणाऱ्या जोडप्याने त्याच दिवशी एकमेकांच्या नावे मृत्युपत्रही करावे.

लग्नाच्या नोंदणीतही एक जागा सांभाळायची. चर्चमधले लग्न सोडले तर गोव्यात नागरी निबंधकाकडे दोनदा जावे लागते. पहिल्यांदा इरादा नोंदवायचा, नोटीस लागते, मुदत संपल्यावर दुसऱ्यांदा साक्षीदारांसह सह्या करायच्या. पहिल्या सहीनंतर मंडपात लग्न लागले, संसार सुरू झाला आणि दुसरी सही राहून गेली, तर कायद्याच्या नजरेत लग्नच झालेले नाही. मग अर्धा हिस्साही नाही. सुनेला हे कळते ते नवरा गेल्यावर किंवा त्याने घराबाहेर काढल्यावर.

आयकर खात्याने मात्र ही भागीदारी केव्हाच मान्य केली आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात १९९४ मध्ये घातलेल्या ५अ कलमाने आलेल्या नियमाप्रमाणे अशा जोडप्याचे भाडे, व्याज, धंद्याचा नफा निम्मानिम्मा करून दोघांच्या विवरणपत्रांत दाखवायचा असतो. पगार तेवढा कमावणाऱ्याचा. वर्षानुवर्षे अशी भरलेली विवरणपत्रे वारशाच्या वादात उपयोगी पडतात: मिळकत एकट्याची होती असे म्हणणाऱ्याला त्याच्याच सहीचे कागद दाखवता येतात.

मुंबईत फ्लॅट असलेल्या गोमंतकीय कुटुंबाने २०१९ च्या निकालानंतर एवढे करावे. इन्व्हेंटरीच्या पहिल्याच यादीत तो फ्लॅट घालावा: खरेदीचा करार, सोसायटीचे भागपत्र, ताजे देखभाल बिल आणि मूल्यांकन यांसह. मागाहून घातला की लपवल्याचा आरोप येतो आणि वाटणी पुन्हा उघडते. लग्नाचा नोंदणी उतारा काढून ठेवावा, कारण अर्ध्या हिश्श्याचा पुरावा तोच. सोसायटीत नामनिर्देशन केले असेल तर त्याने मालकी येत नाही; नामनिर्देशित माणूस वारसांच्या वतीने फक्त सांभाळणारा असतो. आणि सोसायटीच्या सचिवाने प्रोबेटच हवे असा आग्रह धरला, तर न्यायालयाच्या हुकमाची आणि वाटणीच्या तक्त्याची प्रमाणित प्रत देताना सोबत सर्वोच्च न्यायालयाच्या या निकालाची प्रत जोडावी आणि अर्जात स्पष्ट लिहावे की मृताचा अधिवास गोव्याचा होता.